मिशीखालची वाक्यं

४ मार्च, सोमवार

मालकांनी आज एक तमिळ चित्रपट माझ्या गळ्यात मारला. मारामारी, विनोद, गाणी, सूड, आईचे अश्रू, सगळा मसाला एकाच पातेल्यात. त्याचे मराठी संवाद मी लिहायचे, मग आमच्या स्टुडिओत आवाज भरायचे आणि महिन्याभरात तो थिएटरात लागायचा. मराठी नाव अजून ठरलेलं नाही. ऑफिसच्या फळ्यावर नुसतं 'तमिळ, मारामारी' असं लिहिलंय. मला विचाराल तर तेच नाव पुरे आहे.

नाही म्हणणार होते. मी दोन चांगली नाटकं लिहिली आहेत. ती कोणी केली नाहीत हा भाग वेगळा. पण या चित्रपटात एक म्हातारा हवालदार आहे, नायकाच्या मागे मागे फिरणारा, विनोदी. मी म्हटलं, "हवालदाराचा आवाज बाबांचा असेल तर लिहिते."

मालक पेन चावत बसले. "ताई, बाबांनी काम सोडून वर्ष होऊन गेलं."

"सोडलं नाही. आई गेल्यावर कोणी बोलावलं नाही."

"बरं, एकदा बघू. पुढचे तीन चित्रपट हातात आहेत, तिन्हीत म्हातारे आहेत. जमलं तर सगळे बाबांना. नाही जमलं तर मात्र मी भीड धरणार नाही. तुम्हीही धरायची नाही."

घरी येऊन बाबांना सांगितलं. उभं आयुष्य रंगमंचावर लोकांना हसवत आलेला माणूस, आणि आता दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून समोरच्या गच्चीतले वाळत घातलेले कपडे बघतो. "बघू," एवढंच म्हणाले. पण थोड्या वेळाने पाहिलं तर कपाटातून बूट काढून पॉलिश करत बसले होते.

६ मार्च, बुधवार

ऑफिसातल्या छोट्या खोलीत एकटीने पूर्वार्ध पाहिला. डोकं उठलं.

नायक घरोघर गॅसची सिलिंडरं पोचवतो. त्याची ओळख करून देतानाच दिग्दर्शकाला धाप लागते. आधी बूट, मग कोपर, मग सिलिंडर, मग मान, मग वारा सुटतो, मग एकदाचा चेहरा. तेवढ्या वेळात आमच्याकडे सिलिंडर येऊन, लागून, दूध उतूसुद्धा गेलं असतं. नायिका दातांची डॉक्टर आहे. अख्ख्या पूर्वार्धात तिने एकच दात तपासला, तोही नायकाचा, आणि तपासता तपासता दोघं बर्फात जाऊन नाचायला लागले. बर्फ का, कोणाचा, कुठला, काही पत्ता नाही. खलनायक म्हणजे सहा भाऊ. सहाही पांढऱ्या कपड्यांत, सहाही ओरडतात. थोरला कोण आणि धाकटा कोण हे त्यांच्या जन्मदात्रीला तरी सांगता येईल का, शंका आहे. एका जाड्या माणसाला बघून सगळे हसतात. तो जाडा आहे, एवढाच विनोद.

एक गोष्ट मान्य करायला जिवावर येतं. भांड्यांच्या दुकानातली मारामारी चांगली आहे. दुकानाचं दार कुठे, गल्ला कुठे, जिना कुठे, हे मारामारीआधी आपल्याला नीट दाखवतात, मग प्रत्येक पातेलं आपल्या जागेवरून उठून कामाला येतं. कोण कोणाला कशाने मारतोय हे एकदाही शोधावं लागत नाही. कोणीतरी डोकं चालवलंय. बिचारा त्या टोळक्यात कसा सापडला कोण जाणे.

७ मार्च, गुरुवार

उत्तरार्ध. नायक खरं म्हणजे बडा पोलीस अधिकारी होता, हे सांगायला चित्रपट मागे जातो आणि मागेच राहतो. एक मित्र असतो, तो फार हसतो, म्हणजे तो मरणार. मरतो. नायिकेला पळवून नेतात आणि मग शेवटापर्यंत तिला खुर्चीला बांधून ठेवलंय. डॉक्टर बाई. बांधलेली. सहा भावांच्या हाताखालच्या प्रत्येकाकडे बंदूक आहे आणि नायक समोर आला की ती खाली ठेवून सगळे त्याच्या अंगावर धावून जातात, एकेक करून, रांगेत.

नायकाची आई मात्र बरी केलीय. मुलगा रक्ताने माखून येतो. ती काही विचारत नाही, त्याचा शर्ट भिजत घालते आणि डाग घासत बसते. तिथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं. झोप झाली नव्हती.

मालकांनी चित्रपटाच्या जमेच्या आणि पडत्या बाजू लिहून मागितल्या होत्या. पडत्या बाजूंनी चार पानं भरली. जमेत लिहिलं: भांड्यांचं दुकान, आई, शेवटी संपतो.

९ मार्च, शनिवार

लिहायला बसले. आमच्या कामाची रीत अशी की चित्राचा आवाज बंद करायचा आणि ओठांवर नजर ठेवायची. ओठ मिटले की तिथे प, ब, म असलं अक्षर यायला हवं, नाहीतर माणूस एक बोलतोय आणि ऐकू भलतंच येतंय असं वाटतं. अर्थ काय हा प्रश्न नंतरचा. अर्थ मला भाषांतर करणाऱ्या बाई लिहून देतात. तमिळ आहेत, निवृत्त शिक्षिका, एकही शब्द गाळत नाहीत.

सगळ्यात पोकळ जागा हवालदाराच्या आहेत. प्रत्येक मारामारी संपली की हा येतो. भांड्यांच्या दुकानात बत्तीस गुंड आडवे झालेत, मधोमध नायक उभा. तो म्हणतो, "यांना चक्कर आली." हवालदार एकेकाकडे बघतो. मग नायकाकडे बघतो. मग परत पडलेल्यांकडे. मग टोपी काढतो, धूळ झटकतो आणि जाऊन त्यांच्यातच आडवा होतो. एवढा वेळ तोंडातून शब्द नाही! असे प्रसंग सहा-सात. बाईंनी कागदावर लिहिलंय, "इथे हा काही बोलत नाही. लोक हसतात." तो बोलत नाही हे दिसतंय मला, बाई, डोळे आहेत. लोक कशाला हसतात हे लिहा ना.

यात बाबांना काम ते काय? चार हुंकार आणि दोन वाक्यं? एवढ्यावर मालक त्यांना पुढचे चित्रपट देणार?

आणि मग माझं लक्ष मिशीकडे गेलं. त्या हवालदाराची मिशी अशी आहे की वरचा ओठ, खालचा ओठ, सगळं आत. काहीच दिसत नाही. डबिंगच्या लेखकाला अशी मिशी म्हणजे लॉटरी! तिच्याखाली काहीही घाला, जुळतंच. मी पेन सरसावून बसले. चक्कर आली म्हटल्यावर हवालदार आता म्हणतो, "एकदम सगळ्यांना? अरे, ही काय साथ आहे की सहल? आधी सांगितलं असतं तर मीही डबा घेऊन आलो असतो!" मग प्रत्येक गुंडाकडे बघताना प्रत्येकावर एक शेरा. चेंडू जसा टप्प्यात येईल तसा मारला. या चित्रपटात अक्कल असलेला एक तरी माणूस मी तयार केला आणि तो आवाज बाबांचा असणार.

१२ मार्च, मंगळवार

बाबांनी कागद वाचले. चष्मा पुसला, परत वाचले. भांड्यांच्या दुकानावर बोट ठेवून म्हणाले, "हे सगळं मी बोलायचं?"

"मग काय!"

"तो इथे बघतोय गं."

"बघताना बोलता येतं, बाबा."

"येतं. पण मग बघणं होत नाही."

हे असं बोलायला लागले की मी हात टेकते. मी त्यांना समजावलं की हल्ली लोकांना धीर नसतो, दोन क्षण काही झालं नाही तर फोन काढून बसतात, जागा रिकामी ठेवून चालत नाही. वर्षभरात त्यांची सवय गेलीय, मोठी वाक्यं बघून धास्तावलेत, दुसरं काय.

एका जागी उलटं झालं. नायिकेच्या दवाखान्यात नायक तिच्या अंगाकडे बघून एक घाणेरडी कोटी करतो. मी ती काढून त्या जागी दाताच्या बिलावरची थट्टा घातली. बाबा म्हणाले, "मूळची चालते लोकांना." मी म्हटलं, "चालते म्हणून काय झालं? आई असती तर उठून गेली असती." त्यांनी माझी ओळ दोनदा म्हणून बघितली. "हे बरंय. हे ठेव." मग हसले. कितीतरी दिवसांनी.

जेवताना टीव्ही चालू होता. हल्ली लावूनच ठेवते, घर भरल्यासारखं वाटतं. बाबांनी आवाज कमी केला आणि म्हणाले, "तुझ्या आईने त्या दिवशी..."

"बाबा, उद्यापासून गरम पाण्याच्या गुळण्या सुरू करा, विसरू नका," मी म्हटलं, आणि गोळ्या आणायला उठले. हॉस्पिटलच्या आठवणी उकरून कोणाचं भलं झालंय? मी चहा आणायला खाली गेले होते, वर आले तोवर सगळं आटोपलं होतं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

१५ मार्च, शुक्रवार

आवाज भरले. बाबा काचेपलीकडे माइकसमोर, मी आणि रेकॉर्डिस्ट अलीकडे. रेकॉर्डिस्टला सगळे कानसेन म्हणतात. हा माणूस तोंडाने क्वचित बोलतो आणि बोलला तर तक्रार करतो.

बाबांचे हाल बघवेनात. पहिली दोन वाक्यं सुरेख, मग श्वास पुरेना. शेरे एकमेकांवर आदळायला लागले. हवालदाराने पडद्यावर टोपी काढली की बाबा आपोआप थांबायचे आणि माझं वाक्य अर्धंच राहायचं. पाचव्यांदा तसं झाल्यावर मी बटण दाबून म्हटलं, "बाबा, टोपीकडे बघू नका, कागदाकडे बघा."

"टोपीकडे न बघून कसं चालेल?" आतून आवाज आला.

कानसेन म्हणाला, "ताई, थोडं कमी केलं तर?"

"वाक्यं कमी करण्यापेक्षा म्हाताराच बदलू का?" मी म्हटलं. नको ते बोलले. बटण दाबलेलंच होतं. बाबांना ऐकू गेलं असावं, कारण त्यानंतर त्यांनी शहाण्या मुलासारखं सगळं वाचून दाखवलं, एकदाही न थांबता. काम झालं. टॅक्सीत मी त्यांना सांगितलं की फार छान झालं. ते खिडकीबाहेर बघत होते.

वय झालंय त्यांचं. हे लिहायलाही नको वाटतं.

२२ मार्च, शुक्रवार

मालकांनी ऑफिसची माणसं, त्यांची कुटुंबं आणि शेजारच्या छापखान्यातले लोक बोलावून चाचणीचा खेळ लावला. हॉल भरला होता. बाबा पॉलिश केलेले बूट घालून माझ्या शेजारी.

बर्फातल्या गाण्यात अर्धा हॉल बाहेर जाऊन आला. बरोबरच आहे. सहा भावांना कोणी विचारलं नाही. दाताच्या बिलावर बायका हसल्या, हे मी नीट ऐकलं. मग भांड्यांचं दुकान आलं. शिट्ट्या! नायक म्हणाला, "यांना चक्कर आली," आणि हवालदाराने मान वळवली तोच खसखस पिकायला लागली. तेवढ्यात माझी वाक्यं सुरू झाली, आणि काय सांगू, मागच्या रांगेतले लोक एकमेकांना गप्प करायला लागले! "शू, शू, काय म्हणतोय ऐकू दे." सगळा हॉल कान देऊन ऐकत होता. माझे संवाद ऐकायला लोकांनी हसणं थांबवलं, एवढी दाद मला नाटकातही मिळाली नसती, अर्थात नाटकं झाली असती तर. हवालदार आडवा झाला तेव्हा फारसं कोणी हसलं नाही, पण तो प्रसंग मुळातच पोरकट आहे.

मी बाबांना कोपराने ढोसलं. त्यांनी मान खाली घातली होती. भावना अनावर झाल्या असतील.

२३ मार्च, शनिवार

अंगाचा तिळपापड झालाय. मालक म्हणतात, हवालदार पडला. तमिळमध्ये तोच सगळ्यात जास्त हशा घेतो म्हणे, आणि आपल्याकडे त्याच्यावर कोणी दात दाखवले नाहीत. "आवाज थकलाय, ताई. वाचल्यासारखं वाटतं. तुमची वाक्यं चांगली आहेत, पण ती उचलायला ताकद हवी. मी एक नकलाकार बघितलाय, तरुण आहे, तोंडाचा पट्टा थांबत नाही. एक तारखेला तो परत भरेल. आणि पुढच्या तीन चित्रपटांचं मग..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. भीड धरायची नाही असं ठरलं होतं.

मी म्हटलं, चित्रपटच भिकार आहे त्याला माझे बाबा काय करणार? मालक म्हणाले, "भिकार आहे, पण तिकडे चालला ना!"

बाबांना कसं सांगावं याचा विचार करत घरी आले. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि म्हणाले, "कळलं." बूट कपाटात ठेवून दिले, अगदी आतल्या बाजूला.

२४ मार्च, रविवार

बाबा पुन्हा खिडकीत. मी दिवसभर त्या चित्रपटाच्या नावाने खडे फोडले. दिग्दर्शक, सहा भाऊ, बर्फ, मालक, कोणाला सोडलं नाही. ते ऐकत होते. मध्येच म्हणाले, "जरा बस. तुझ्या आईने त्या दिवशी..." मी म्हटलं, बाबा, आत्ता नको, आत्ता डोकं ठिकाणावर नाही. त्यांनी मूग गिळले.

२६ मार्च, मंगळवार

भाषांतर करणाऱ्या बाईंचा फोन. त्यांच्या तमिळ मंडळींसाठी शनिवारी सकाळी एका लहान थिएटरात मूळ चित्रपटाचा खेळ आहे, बाबांना घेऊन या. मी म्हटलं, पुन्हा बघण्यापेक्षा मी खुर्चीला बांधून घेईन. बाई म्हणाल्या, "तुम्ही तो कधी लोकांबरोबर पाहिलाच नाहीत ना?" त्यांच्या मराठीत प्रत्येक शब्द सुटा उभा असतो, त्यामुळे टोमणा आहे की चौकशी, कळत नाही. मी नाही म्हणणार तेवढ्यात बाबा खुर्चीतून म्हणाले, "जाऊ या."

३० मार्च, शनिवार

आजचं आजच लिहायला हवं.

थिएटर जुनं, खुर्च्या कुरकुरणाऱ्या, माणसं खच्चून भरलेली. आजोबांपासून मांडीवरच्या बाळापर्यंत. मला भाषा कळत नाही, त्यामुळे ऐकायचं काय तर माणसंच. नायकाच्या बुटाला टाळ्या, कोपराला टाळ्या, चेहऱ्याला तर छप्पर उडालं. तो सगळा वेळकाढूपणा त्यांच्या ओरडण्यासाठी जागा ठेवून केलेला होता. मला दुधाचा हिशेब सुचला होता. दवाखान्यातल्या त्या घाणेरड्या कोटीला इथेही मोठा हशा पडला. मी हसले नाही. माझ्या पुढच्या रांगेतली मुलगी पण नाही. तिथे माझंच बरोबर होतं आणि आहे.

मग भांड्यांचं दुकान. "यांना चक्कर आली" त्यांच्या भाषेत. हवालदाराने मान वळवली. काही बोलला नाही. हॉलमध्ये कुठेतरी एक बाई फिसकन हसली. तो दुसऱ्या गुंडाकडे बघतो, गप्प. आता दहाजण हसले. नायकाकडे बघतो, गप्प. लोकांना पुढचं दिसायला लागलं होतं, ते त्याच्या आधीच हसत होते आणि तो त्यांच्यासाठी थांबला होता. टोपी काढली. धूळ झटकली. कोणीतरी ओरडून त्याला काहीतरी सांगितलं, बहुतेक "झोप आता!" आणि तो आडवा झाला. खुर्च्या हलल्या. माझ्या शेजारच्या अनोळखी आजी माझा दंड धरून हसत होत्या.

त्या पोकळ जागा पोकळ नव्हत्या. त्या या माणसांच्या होत्या. मी आवाज बंद करून, बंद खोलीत, ओठ बघत बसले आणि लोकांच्या हसण्याच्या जागेवर माझं सामान आणून टाकलं. आणि चाचणीच्या खेळाला ते "शू, शू" करत होते ते! मी त्याला दाद म्हणून लिहून ठेवलंय. मागचं पान फाडावंसं वाटतंय, पण राहू दे. दिसू दे.

बाबांकडे बघितलं. ते पडद्याकडे बघतच नव्हते. मान वळवून लोकांचे चेहरे बघत होते, आणि हवालदार थांबला की त्यांचाही श्वास थांबत होता.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं," बाबा म्हणाले. "तू बोलत होतीस."

१ एप्रिल, सोमवार

बाबांना घेऊन नकलाकाराच्या आधी स्टुडिओत पोचले. मालकांना म्हटलं, "आवाज थकलेला नाही. लेखिका आगाऊ आहे. हवालदाराची सगळी जादा वाक्यं माझी आहेत, मूळ चित्रपटात एकही नाही. नकलाकाराने भरली तरी तेच होणार, फक्त जास्त वेगाने."

मालक बघत राहिले. "तुम्ही मिशीखाली संवाद घातले?"

"घातले."

"मला न विचारता?"

"मिशी फार मोठी होती," मी म्हटलं. यापेक्षा बरं उत्तर सुचलं नाही. लाज वाटली, ती गिळली. "मला पुढचे चित्रपट देऊ नका हवं तर. बाबांचं एकदा नीट ऐका."

कानसेनने वाक्यं काढायला घेतली. मला लिहायला किती दिवस लागले होते! त्याचा चहा निवायच्या आत सगळी पुसून झाली. शेवटचं पुसताना तो म्हणाला, "आता कुठे श्वास घेतला याने." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बाबा म्हणाले, मला एकदा आत जाऊ दे. माइकसमोर उभे राहिले आणि टोपी झटकायच्या आधी नाकाने एक उसासा सोडला. बस. नुसता उसासा, पण त्यात सगळं होतं: नोकरी, पाय दुखताहेत, बत्तीस माणसं कोण उचलणार. मालक हसले. मग त्यांनी कानसेनला तो प्रसंग परत लावायला सांगितला आणि परत हसले. दारात नकलाकार उभा होता, तोही हसत होता. त्याला चहा पाजून परत पाठवलं.

५ एप्रिल, शुक्रवार

चित्रपट लागला. मागच्या रांगेत बसून पाहिला.

तो अजूनही भिकार आहे, हे मला नोंदवून ठेवायचंय. सहा भाऊ सहन होत नाहीत. मागची गोष्ट सांगायला गेलेला दिग्दर्शक अजून परतलेला नाही. डॉक्टर बाई खुर्चीलाच बांधलेली आहे आणि जाड्या माणसाला बघून लोक आजही हसले, मला त्यांचा रागच आला. पण हवालदाराने मान वळवली आणि हॉल हळूहळू उकळायला लागला. उसाशाला तर टाळी पडली. उसाशाला! माझ्या एका शब्दाला कधी पडली नाही. बाबा माझ्या शेजारी सरळ बसून, डोळे मिटून, कुठे किती हसतात ते ऐकत होते. मालकांनी बाहेर गाठून त्यांना पुढच्या चित्रपटाचे कागद दिले. मला दिले नाहीत. पुढचं माझं मंगळवारी ठरेल म्हणाले. ठरू दे.

६ एप्रिल, शनिवार

आज जेवताना टीव्ही लावला नाही. ठरवून असं नाही, हात रिमोटकडे गेला आणि परत आला. आमच्या स्वयंपाकघरातला नळ टपकतो, हे मला आजवर माहीतच नव्हतं. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा पाणी प्याले.

बाबा म्हणाले, "तुझ्या आईने त्या दिवशी..." आणि सवयीने थांबले. मी काही बोलले नाही. जिवाच्या आकांताने बोलले नाही.

"त्या दिवशी मला चहा नको होता," बाबा म्हणाले. "तिने सांगितलं म्हणून तुला खाली पाठवलं."

मी ताटाकडे बघत राहिले.

"म्हणाली, अहो, हिला जरा चहाला पाठवा. ही बोलत बसली की मला निघताच येत नाही."

आणि बाबा थांबले. माझ्याकडे बघत राहिले, शांतपणे, घाई न करता. त्यांच्या तोंडून आलेला आईचाच आवाज, आईचाच तो वैतागलेला लाडका सूर, तिच्या शेवटच्या दिवशीही शाबूत असलेला.

आधी मला हसू फुटलं. मग जे व्हायचं ते झालं. बाबा मध्ये काही बोलले नाहीत. पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला आणि माझं होईपर्यंत थांबले. मग आम्ही जेवण परत गरम करून घेतलं.